शनिवारचं लोखंड

अग्नी आणि लोखंड यांची भेट झाली त्या दिवशी माणूस खऱ्या अर्थाने माणूस झाला.

हे वाक्य माझं नाही. बऱ्हाणपुरातल्या एका प्रशिक्षण केंद्राच्या समारोपाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांचं आहे. ते त्यांनी हिंदीत म्हटलं, सावकाश म्हटलं, आणि मध्ये टाळ्यांसाठी जागा सोडून म्हटलं. मग बांधलेल्या फेट्यावरूनच त्यांनी वेल्डिंगचा मुखवटा चढवला, हातात होल्डर घेतला आणि दोन लोखंडी पट्ट्यांच्या सांध्यावर वाकून फोटो निघेपर्यंत निश्चल राहिले. मशीनचं बटण सुरक्षेसाठी बंद ठेवलं होतं. होल्डरमध्ये रॉडही नव्हता. दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला. त्यात पाहुण्यांच्या मागे, अर्धी कापली गेलेली, माझी बायको उभी आहे. कुणी कापड आडवं बेतायला घेतलं की तिच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, त्याच भावाने ती त्या होल्डरकडे बघते आहे.

कापडाचा उल्लेख उगाच केला नाही. लग्न झाल्यापासून ती ब्लाउज शिवत आली. आमच्या गल्लीतल्या दोन पिढ्यांच्या दंडांची मापं तिला पाठ आहेत, आणि कुणाचं माप कधी वाढलं हेही, पण ते ती सांगत नाही. पुढे तयार ब्लाउज आले, मुली कुर्त्यांवर गेल्या, आणि तिच्याकडे फॉल लावणं, पिको करणं आणि सैल करून देणं एवढंच उरलं. त्यातच आमची मुलगी शिकायला इंदूरला गेली. दुपारी घर शांत झालं. आमच्या गल्लीच्या मागे यंत्रमाग आहेत, त्यामुळे शांत म्हणजे फक्त मागांचा आवाज.

अशाच एका जेवणाच्या वेळी ती म्हणाली, "मी वेल्डिंग शिकायला जाणार आहे."

पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला जो प्रश्न पडतो तोच मी विचारला. "का?"

"येतं म्हणून."

"येतं तर शिकायला कशाला जायचं?"

"बघून येतं. हातानं नाही येत." आणि तिने माझ्या ताटात आमटी वाढली. विषय तिच्या बाजूने संपला होता.

बघून येतं, ते कसं, हे मला माहीत होतं. तिच्या वडिलांचं, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, बहादरपूरला रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान होतं. भावांच्या वाटण्यांत केळीचं रान कणाकणाने कमी होत गेलं, तेव्हा त्यांनी हे दुकान टाकलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मोडलेले नांगर, गेटं, खाटा, असं काम. ही लहानपणी दुकानात चहा घेऊन जायची, आणि आबा मुखवटा न काढता म्हणायचे, "तिकडं पाहू नको. डोळे जातीन." ती आज्ञाधारक मुलगी होती. ती तिकडे बघायची नाही. ती समोरच्या भिंतीवर पडणारा उजेड बघायची. हात नीट चालला असेल तर भिंत एकसारखी उजळते, हात अडखळला तर भिंत लुकलुकते, हे तिला दहावीच्या आत कळलं होतं. दहावी झाल्यावर तिने आबांना एकदा विचारलं. आबा म्हणाले, "हे पोरीचं काम नाई. ओढणी जळंल." आणि त्यांनी ते तिच्या भावाला शिकवलं. भाऊ शिकला, काही वर्षं हाताखाली राहिला, आणि मग सुरतेला जाऊन कापडाच्या धंद्यात पडला. आबांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तरी नजर पूर्ण परतली नाही. दुकान बंद झालं.

या गोष्टीबद्दल ती कधी तक्रारीने बोलली नाही. पण तिला वेल्डिंग करायचं होतं हे जितकं खरं, त्याहून जास्त खरं हे की, ते तिला आबांनी बघायला हवं होतं. आणि आबांना आता फारसं दिसत नव्हतं.

कोर्स तिने नीट पुरा केला. पोशाख म्हणून माझे जुने, पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट घेतले. नायलॉन पेट घेतं, सुती कापड नुसतं भोक पडून थांबतं, असं केंद्रात सांगितलं होतं. ती कपाटातून शर्ट काढायची आणि विचारायची, "हा ऑफिसला घालता का अजून?" विचारण्याचा सूर असा असे की मी घालत असलो तरी नाही म्हणायचो. शिलाईच्या साठवलेल्या पैशातून तिने एक लहान मशीन घेतलं, शाळेच्या दप्तराएवढं, आणि आमच्या मागच्या अंगणात, जिथे पूर्वी तुळशीची कुंडी होती, तिथे काम मांडलं. तुळस पुढच्या दारी गेली. मुलीचा इंदूरहून फोन आला. "मम्मी, तू सच में करतेस का? मतलब, खरं खरं?" आई म्हणाली, "पपांना विचार, त्यांना काल दिसलं."

मला दिसलं होतं ते असं. पहिल्या रविवारी ती एक जुनी खुर्ची दुरुस्त करत होती आणि मी पाइप धरून होतो. काळी काच एकच होती, ती तिच्या मुखवट्यात. मी नजर वळवायची होती. पण ती गुडघ्यावर वाकलेली, माझ्या निळ्या शर्टात, कोपर पोटाशी घट्ट धरून, श्वाससुद्धा मोजून घेत काहीतरी करते आहे, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. शिवणयंत्रावर ती हजारदा वाकली असेल, पण तेव्हा मी पेपर वाचत असायचो. मी बघत राहिलो. संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, पाणी थांबेना. बायकोकडे टक लावून बघितल्याचा असा परिणाम मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

तिने काही विचारलं नाही. बटाट्याच्या गार चकत्या कापून माझ्या पापण्यांवर ठेवल्या आणि शेजारी बसली.

"आबांच्या दुकानात जो नवा येई तो एकदा असा झोपे," ती म्हणाली. "आई बटाटे कापायची."

"मी नवा आहे का दुकानात?"

"हो. आणि सांगितलेलं ऐकत नाही."

मग ती मला पेपर वाचून दाखवू लागली. अग्रलेख तिने सोडून दिला. डोळे झाकलेल्या माणसाला एवढं जड काही देऊ नये, असं तिचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं की बटाट्याने ना फायदा ना तोटा, आता त्याची भाजी करा. मी दुसरी काळी काच विकत आणली.

आबांना तिने काही कळवलं नव्हतं. पण बहादरपुरात बातमी पोचायला बस लागत नाही. आबांचा रोज संध्याकाळी फोन येतो. ते तब्येत विचारत, नळाला पाणी आलं का विचारत, नातीची परीक्षा विचारत, वाऱ्याने कुणाची केळी आडवी झाली ते सांगत. वेल्डिंगबद्दल एक शब्द नाही. ती फोन ठेवायची आणि काही क्षण हातातच धरून बसायची. "कळलंय त्यांना," ती म्हणायची. "नाहीतर मशीनचं विचारलं असतं."

"कुठलं मशीन?"

"शिलाईचं. दर वेळी विचारतात, तेल घातलं का. आता महिनाभर नाही विचारलं."

काम मिळवायचं तर ते करायला दिवस ठरवायला हवे होते. ती आठवडाभर पिको-फॉल सांभाळायची, आणि लांब पाइप कापायला, उचलायला, धरायला दुसरा माणूस लागायचा. तो माणूस मी. आमच्या ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी असते. म्हणून मी माझ्या डोक्याने एक योजना केली, आणि माझ्या डोक्याने केलेल्या योजनांना असते तशी तिला सुबक मांडणी होती. पेंटरकडून पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत बोर्ड रंगवून आणला. सर्व प्रकारची वेल्डिंगची कामे. शनिवार व रविवार. खाली बाण. पेंटरने मजकूर वाचून माझ्याकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि मग शनिवारच्या 'श'ला सावली काढली. मला वाटलं, अक्षरांच्या वळणाचा विचार करतो आहे.

बोर्ड टांगला त्या दिवशी ती खालून बराच वेळ बघत राहिली. "छान आहे," म्हणाली. मग, मशीनवरचं फडकं काढताना, पाठमोरी असतानाच म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर मशीन विकून टाकू. पिको आहेच." हे ती इतक्या सहज म्हणाली की मला कळलं, सहज नाही.

पहिल्या शनिवारी कुणी आलं नाही. नवीन धंदा आहे, मी म्हटलं. दुसऱ्या शनिवारी एक तरुण गाडी उभी करून आत डोकावला.

"मिस्त्री किधर गए?"

"मीच आहे. बोल ना, काय करायचंय?" ती म्हणाली.

"नाही आंटी, म्हणजे वेल्डिंग कोण करतं?"

"मी करते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे बोट केलं. त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे, मग घड्याळाकडे. "अच्छा. मग बघतो, परवा वगैरे येतो," म्हणाला. परवा सोमवार होता.

रविवारी गणपती मंडळाचे कार्यकर्ते आले. त्यांना स्वागत कमान हवी होती, समाजसेवा म्हणून. ती तिने करून दिली, दिवसभर राबून. कमान चांगली उभी राहिली. तिच्यावर वर्गणीदारांची, मार्गदर्शकांची, शुभेच्छुकांची आणि शुभेच्छुकांच्या चिरंजिवांची नावं होती. जिने ती जोडली तिचं नाव लिहायला जागा उरली नाही, असं कार्यकर्त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. तिने ते काम गिऱ्हाइकात धरलं नाही. "गणपती गेले की सोडून टाकतात," ती म्हणाली. "टिकेल असं काहीतरी पाहिजे."

शनिवार रिकामे जात राहिले. मी कारणं शोधत राहिलो. कधी गल्ली आत आहे म्हणून, कधी पावसामुळे, कधी समाजाच्या मानसिकतेमुळे. मानसिकतेवर मी बराच विचार केला. शेवटी समोरच्या काकूंनी, त्यांच्या ओट्यावरून, तांदूळ निवडता निवडता मला विचारलं, "भाऊ, तुम्ही आता वाण्याच्या दुकानावर पण पाटी लावणार का, तेल फक्त शनिवारी?"

"म्हणजे?"

"शनिवारी लोखंड कोण घरात आणंल, भाऊ? माझ्या सुनेला कूलरचा स्टँड करायचाय, कधीची म्हणतेय. पण तुमच्याकडं शनिवार. रविवारी तुमच्या दारात मंडळाचा पसारा."

मी तिथेच उभा राहिलो. शनिवारी तेल आणि लोखंड विकत घेऊ नये, शनीची पीडा मागे लागते, हे इथे लहान मुलालाही कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या कपाटात लोकसमजुतींवरची जाडजूड पुस्तकं आहेत. त्यांच्या समासांत मी पेन्सिलीने खुणाही केल्या आहेत. आणि मी लोखंडाच्या दुकानासाठी आठवड्यातला नेमका तोच वार निवडून निळ्या रंगात, सावलीसकट, दारावर टांगला होता.

मी आत गेलो. ती पिको करत होती.

"तुला माहीत होतं ना?"

तिने पाय थांबवला. "काय?"

"शनिवारचं."

"आबांचं दुकान शनिवारी कधीच उघडं नसायचं," ती म्हणाली. "सकाळी मारुतीला जायचे, तेल वाहायचे आणि घरी येऊन झोपायचे. शनिवारी आमच्या घरात सळईसुद्धा हलली नाही."

"मग बोर्ड आणला तेव्हा बोलली का नाहीस?"

ती कापडावरची सुई बघत राहिली. "तुम्ही किती वर्षांनी कशात तरी उत्साहानं पडला होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, शहरात चालत असेल. चाललं तर चाललं."

मी म्हटलं, उद्याच पेंटरकडे जातो. ती म्हणाली, राहू द्या, दिवाळी आलीच आहे. म्हणजे तिने मनातल्या मनात मशीन विकलं होतं. त्या संध्याकाळी आबांचा फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, म्हणून मी घेतला. पाणी, परीक्षा, केळी झाल्यावर आबा म्हणाले, "बाकी?" मी म्हटलं, बाकी ठीक. काम येत नाही. काय काम, ते मी बोललो नाही आणि त्यांनी विचारलं नाही. "हं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्याच्या पुढच्या शनिवारी, दसऱ्याच्या जरा आधी, सकाळी गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर थांबला. आमच्या गल्लीत तो शिरत नाही. तिथून एक माणूस डोक्यावर उलटी खाट घेऊन येताना दिसला, चार पाय आभाळाकडे. खरं तर तीन. चौथा त्याच्या हातात होता. मागून आबा, धोतर सावरत, एका हाताने भिंत चाचपत, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा.

ती अंगणात होती, माझा चौकड्यांचा शर्ट घालून. आबांना बघून तिचा हात पदर घ्यायला डोक्याकडे गेला. पदर नव्हता. हात कॉलरपाशी थांबला, आणि मग ती तशीच त्यांच्या पाया पडली.

"पाय तुटला," आबा म्हणाले.

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"खाटीचा, जवाईबापू." ते पायरीवर टेकले. "चार दिवस झाले, खाली झोपून राहिलो."

"बहादरपुरात कोणी नाही का वेल्डिंगला?" हे मी विचारलं. काही प्रश्न तोंडातून निघाल्यावरच कळतं की ते कुणी विचारायला नको होते.

"हायेत ना. लई हायेत," आबा म्हणाले, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

ती खाटेपाशी बसली होती. पाइपाची जुनी खाट, पट्ट्या बदललेल्या, सांगाडा मात्र मूळचा. तुटलेल्या जागी तिने बोट फिरवलं. मग म्हणाली, "आबा, आज शनिवार."

"मंग?"

"लोखंडाचं काम कसं करायचं? उद्या करते. तुम्ही राहा आज."

"मी काय खाट इकत घेऊन राहिलो का? जुनी हाये. तुही माय होती तव्हा मीच केली." आबांनी हात असा हलवला की जणू समोर पंच बसले आहेत. "नव्या लोखंडाले शनि लागते. जुन्याले नाई लागत. जुन्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मी सांगून राहिलो ना तुले. माह्यापेक्षा जास्ती कोणी लोखंड पाह्यलं, सांग बरं."

ट्रॅक्टरवाला, जो चहाची वाट बघत दाराशी उभा होता, त्याने मान डोलावली. बहादरपूरच्या बाजूला आबांचा शब्द अशा बाबतीत अजून चालतो.

तिने गंज घासून काढला, क्लिप लावली, पाय जागेवर धरायला मला बसवलं आणि दुसरी काळी काच माझ्या हातात दिली. आबा म्हणाले, "मले उजेड नको," आणि पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले. मला वाईट वाटलं. खाट इथवर आणली आणि पाठ फिरवली. तिलाही वाटलं असावं, कारण पहिल्याच टेकवणीला रॉड लोखंडाला चिकटला.

"चिकटला," आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

तिने तो पिळून सोडवला. पुन्हा टेकवला. पुन्हा चिकटला.

"चिकटू दे. तुहा भाऊ तर सहा महिने चिकटवत होता. हात ढिला सोड. घाई कायले करतं, खाट कुठं पळून राहिली का?"

तिसऱ्यांदा तो चिकटला नाही. आधी तडतड, मग मध्येच फुसकारा, आणि मग एकसारखा आवाज सुरू झाला, गरम तेलात भजी सोडल्यावर येतो तसा. आबांचं डोकं किंचित कललं. गुडघ्यावरच्या टोपीवर त्यांची बोटं हळूहळू सरकत होती, डावीकडून उजवीकडे, तिच्या हाताच्या चालीने. आवाज जरा पातळ झाला की बोटं थांबत. तो भरला की पुन्हा सरकत. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर तो निळा उजेड पडला होता, आणि एकसारखा होता.

"आता खालून," ते म्हणाले.

तिने खाट उलटी केली आणि खालून टाका भरला. मग हातोडीने वरची काळी खपली उडवली आणि निवायची वाट बघत बसली. मागांचा आवाज येत होता. ट्रॅक्टरवाल्याने चहा संपवून पेला उंबऱ्यावर ठेवला.

आबा उठले, खाटेपाशी आले, खाली बसले आणि सांध्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग हात पुढे केला. तिने हातोडी दिली. त्यांनी पायावर तीन ठोके घातले, हलके नव्हते. खाट वाजली, हलली नाही.

"जवाईबापू, बसा."

मी बसलो. माझ्या वजनाबद्दल त्यांचं चांगलं मत असावं. मग ट्रॅक्टरवाल्यालाही बसवलं. मग स्वतः बसले, तुटलेल्या पायाच्या बाजूला, आणि अंगाचा झोका देऊन पाहिला. ती समोर उभी होती, मुखवटा कपाळावर, दोन्ही हात शर्टाला पुसत. ते हात आधीच पुसून झाले होते.

आबांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं. "ह्ये वरतं टोक राह्यलं," ते म्हणाले. "तासून घे. धोतर फाटंल माहं."

एवढंच. ती ग्राइंडर आणायला आत गेली. ग्राइंडर बाहेरच, मशीनच्या शेजारी होता. मी तो उचलून तिला हाक मारणार होतो, पण आबांनी माझा हात धरून मला खाटेवर खाली बसवलं. "येईन ती," ते म्हणाले. "तुम्ही बसा." आम्ही तिघे पुरुष त्या खाटेवर ओळीने बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं. तिने टोक तासलं, आबांनी त्यावर धोतराचा सोगा ओढून पाहिला, आणि तो अडकला नाही.

त्या शनिवारनंतरच्या शनिवारी ट्रॅक्टरवाला आला. ट्रॉलीच्या फळीची कडी घेऊन. "आबा म्हणे, जुन्याले चालते," तो म्हणाला. त्याच्या मागे कुणी औषध फवारायच्या पंपाचा स्टँड आणला, कुणी सायकलचं कॅरिअर, यंत्रमागवाल्यांनी मागांचे मोडके लोखंडी आधार आणले. समोरच्या काकूंनी तर बोर्डाखाली उभं राहून सुनेला सांगितलं की जुना स्टँड मोडून त्याचाच नवा केला तर तो जुनाच धरायचा. शास्त्र असं वाढतं. मी पेंटरकडे गेलो आणि शनिवारसमोर कंसात 'फक्त दुरुस्ती' एवढं वाढवून घेतलं. या वेळी तो म्हणाला, "हां. अब ठीक है." नवं गेट किंवा जाळी हवी असेल तर लोक रविवारी येतात. दिवाळी येऊन गेली. मशीनचं काय करायचं हा विषय कुणी काढला नाही. मुलगी सुट्टीत आली तेव्हा शनिवारभर पाइप धरून बसली आणि इंदूरच्या मैत्रिणींना फोटो पाठवत राहिली. त्यांत मशीन चालू होतं.

आबा आता बहुतेक शनिवारी येतात. पायरीवर पाठ करून बसतात आणि ऐकतात. कधी म्हणतात, "हं." कधी म्हणतात, "पातळ झालं." दुपारी जेवून थोडे आडवे होतात. फोनवर आता पहिला प्रश्न असतो, "काय काय आलं?" ती सगळं सांगते, कुठली कडी, कुठला पाय, कुठे रॉड चिकटला.

माझ्या मनात मात्र ती जुन्या-नव्या लोखंडाची व्यवस्था घोळत राहिली. मी पुस्तकं उलटून पाहिली. असा भेद कुठे सापडला नाही. आयुष्यभर शनिवार कडक पाळलेल्या माणसाने मुलीसाठी तो नियम वाकवला, देवाशी तडजोड केली, असा त्याचा अर्थ मी लावला होता, आणि खरं सांगायचं तर त्या अर्थाने माझे डोळे एक-दोनदा भरूनही आले होते. एका शनिवारी, ती आत चहा करत असताना, मी आबांना विचारलं. म्हटलं, इतकी वर्षं शनिवारी दुकान उघडलं नाहीत, आणि हिच्यासाठी ते मोडलंत. जड गेलं असेल.

आबांनी बिडीचं टोक विझवलं आणि माझ्याकडे, किंवा माझ्या आवाजाकडे, नवलाने पाहिलं.

"शनिवारी लाइटच नसे बहादरपुरात," ते म्हणाले. "दिवसभर."